उंचावरचे घर

ठाणे शहराच्या उत्तरेस घोडबंदरकडे जाणारा रस्ता आहे. त्याच्या एका बाजूस येऊरचे डोंगर उभे आहेत आणि दुसऱ्या बाजूस उल्हास नदीची खाडी पसरली आहे. काही दशकांपूर्वी येथे भातखाचरे, दाट झाडी, थोडे कारखाने आणि लहान लहान गावे होती. मानपाडा, पातलीपाडा, ओवळे, वाघबीळ ही त्यांची नावे. वाघबीळ या नावावरून तेथे पूर्वी कोणाचा वावर असावा, हे सांगावयास नकोच! आज या गावांना लागून तीस-तीस मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत आणि शहरातील सधन कुटुंबे त्यांत राहतात.

मुलांनो, अशा वसतीत राहण्याचे सुख लहान नाही. आवारात बाग असते, खेळावयास मैदान असते, पोहण्यास तलाव असतो. पंचविसाव्या मजल्यावर रस्त्याचा गलबला फारसा पोचत नाही. वारा मात्र मनमुराद येतो. आषाढात डोंगरमाथ्यावरून ढग खाली उतरू लागले, की ते खिडकीतून पाहतच राहावे. नौपाड्याच्या वाड्यात किंवा डोंबिवलीच्या चाळीत दोन खोल्यांत ज्यांचे बालपण गेले, वर्षानुवर्षे लोकलगाडीत उभे राहून ज्यांनी नोकरी केली, त्यांपैकी कित्येकांनी येथे घर घेतले आहे. त्यांचे समाधान खोटे कसे म्हणावे? चाळीचे गोडवे गाणारे लोक सामाईक नळावरची भांडणे सोयीस्करपणे विसरतात.

तथापि चाळीत एक गोष्ट आपोआप घडत असे. जाण्यायेण्याची वाट सर्वांच्या दारांवरून जाई. त्यामुळे कोणाकडे पाहुणा आला, कोण आजारी पडले, हे संध्याकाळच्या आत सर्वांना कळे. उंच इमारतीत लिफ्टचे दार मिटते ते आपल्याच मजल्यावर उघडते. समोरासमोर राहणारी दोन कुटुंबे एकमेकांना केवळ दारावरच्या पाटीने ओळखतात, असेही होते. येथे शेजार मुद्दाम जोडावा लागतो. गणेशोत्सव आला, की सारी इमारत खाली मांडवात उतरते आणि मग एकाच वर्गातील दोन मुले एकाच जिन्यावर राहतात, असा शोध लागतो.

सकाळी सहाच्या सुमारास या वसतीच्या फाटकाशी उभे राहावे. कोणी कळव्याहून, कोणी मुंब्र्याहून, कोणी जवळच्या पाड्यांवरून कामास येते. स्वयंपाक करणाऱ्या बाया, मोटारी धुणारी मुले, माळी, झाडूवाले, रात्रपाळी संपवून निघालेले पहारेकरी अशी तेथे एकच वर्दळ असते. कामास येणाऱ्याचे नाव वहीत नोंदवले जाते. परत जाताना पिशवी उघडून दाखवावी लागते. कित्येक इमारतींत या लोकांनी कोणत्या लिफ्टने जावे, हेही ठरलेले असते. ही रीत मला उचित वाटत नाही. ज्या बाईच्या हाती आपण तान्हे मूल विश्वासाने सोपवतो, तिच्याबरोबर पंचवीस मजले चढण्यास आपणांस संकोच का वाटावा?

डोंगराकडूनही कधी कधी पाहुणा येतो. येऊरचे रान संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तेथे बिबटे राहतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये एक बिबट्या थेट शहरातील मोठ्या बाजारसंकुलात शिरला होता. वनखात्याच्या माणसांनी त्याला बेशुद्ध करून पकडले. त्याने वहीत नाव नोंदवले नव्हते, एवढाच त्याचा अपराध!

आता पाण्याचा विचार करू. शहरात माणशी दररोज १३५ लिटर पाणी लागते, असे धरून पाणीयोजना आखतात. म्हणजे चौघांच्या कुटुंबास ५४० लिटर झाले. १५ लिटरांचा हंडा धरला, तर ते ३६ हंडे भरतात. मजला ३ मीटर उंच धरला, तर तीस मजल्यांसाठी हे पाणी ९० मीटर वर चढवावे लागते. ते काम पंप करतो. आधी पाणी जमिनीखालच्या टाकीत येते, तेथून गच्चीवरच्या टाकीत जाते आणि मग खाली घरोघर उतरते. दर १० मीटर उंचीमागे पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाएवढा वाढतो. म्हणून खालच्या मजल्यांवर दाब कमी करणाऱ्या झडपा बसवतात. त्या नसत्या, तर तळमजल्यावरचे नळ तग धरते ना.

हे पाणी येते कोठून? ठाण्याचे पुष्कळसे पाणी भातसा नदीचे आहे. ते पिसे येथे उचलतात, टेमघर येथे शुद्ध करतात आणि नळांतून शहरात आणतात. भातसा धरण शहापूर तालुक्यात आहे. मुंबईला पाणी देणारे जुने तानसा धरणही याच तालुक्यात आहे. तेथे पाऊस धो धो पडतो. पण कित्येक पाडे उंच, खडकाळ जागी वसलेले आहेत. काळ्या पाषाणात पाणी फारसे मुरत नाही. ते वाहून खाली जाते. धरण खाली, पाडा वर, आणि मधला चढ चढवून पाणी आणणारी योजना अशा पाड्यांच्या वाट्याला सहसा आलेली नाही. एप्रिल-मे महिन्यांत विहिरी आटतात, तेव्हा टँकर येतो. बाया डोक्यावर एकावर एक दोन हंडे घेऊन चढ चढू लागतात. छत्तीस हंडे घरी न्यावयाचे, तर एकीला अठरा खेपा घालाव्या लागतील.