सागरतळाखालील तेलाचा वेध

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटर अंतरावर, अरबी समुद्रात, 'बॉम्बे हाय' म्हणजेच आजचे 'मुंबई हाय' हे तेलक्षेत्र आहे. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट'च्या साहाय्याने येथे तेलाचा शोध लागला व १९७६ मध्ये उत्पादनास प्रारंभ झाला. भूगर्भात तेलाचे तळे असते, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः येथील तेल प्रामुख्याने चुनखडकाच्या सूक्ष्म छिद्रांत सामावलेले आहे. सागरातील प्रत्येक विहिरीवर प्रचंड खर्च होत असल्याने, ती कोठे खोदावी हा प्रश्न सार्वजनिक धनाच्या विनियोगाचाही आहे.

लहरींची साक्ष

सर्वेक्षण-जहाजावरून दाबाखालील हवा पाण्यात सोडून ध्वनिलहरी निर्माण केल्या जातात. खडकांच्या थरांवरून परावर्तित झालेल्या लहरींची नोंद घेतली जाते. या भूकंपीय सर्वेक्षणामुळे विस्तीर्ण क्षेत्राचे चित्र मिळते. परंतु ते ढोबळ असते. लहरींचा वेग सेकंदास ३,००० मीटर व कंपनसंख्या ३० असल्यास तरंगलांबी १०० मीटर होते. अशा वेळी सुमारे २५ मीटरहून पातळ थराचा माथा व तळ वेगळे ओळखणे कठीण जाते.

विहिरीची नोंद

खोदलेल्या विहिरीत तारेच्या साहाय्याने उपकरणे सोडून खडकाचा विद्युतरोध, नैसर्गिक गॅमा किरण, घनता व ध्वनिवेग मोजतात. सच्छिद्र खडकात खारे पाणी असल्यास विद्युतरोध कमी, तर तेल असल्यास अधिक आढळतो. ही नोंद मीटरहून कमी जाडीचे बदलही दाखविते. मात्र ती विहिरीच्या निकटच्या खडकापुरतीच असते. एका शेतातील विंधन विहिरीस पाणी लागले, म्हणून शेजारच्या शेतात ते लागेलच असे नाही, हा ग्रामीण भागातील अनुभव येथेही लागू पडतो.

दोहोंचा मेळ

भूकंपीय नोंद वेळेत, तर विहिरीची नोंद खोलीत असते. म्हणून प्रथम विहिरीत ध्वनिग्राहक उतरवून, पृष्ठभागावरील लहर कोणत्या खोलीस किती वेळात पोहोचते हे तपासतात. त्यानंतर प्रत्येक थराचा ध्वनिवेग व घनता यांचा गुणाकार करून, त्या ठिकाणी परावर्तन कसे दिसावे याचे गणित मांडले जाते. हे गणिती चित्र प्रत्यक्ष नोंदीशी जुळले, की कोणती रेषा कोणत्या खडकाची हे निश्चित होते. मग तीच रेषा दोन विहिरींमधील अज्ञात भागातही शोधता येते.

उत्पादन सुरू झाल्यावरही या अभ्यासाचे महत्त्व कमी होत नाही. मुंबई हायच्या मुख्य चुनखडकात शेलचे पातळ पडदे आहेत. साठ्याचा दाब टिकविण्यासाठी सोडलेले पाणी सुलभ थरांतून पुढे निघून जाते व इतर थरांतील तेल मागे राहते. असे मागे राहिलेले तेल कोठे आहे, हे जाणण्यास दोन्ही नोंदींचा मेळ साहाय्यभूत ठरतो. निसर्गाने दिलेला हा साठा पुन्हा भरून निघणारा नाही. म्हणून नव्या शोधाइतकेच ज्ञात साठ्याचे अचूक आकलनही मोलाचे आहे.