ऐकावे सर्वांचे, ठरवावे स्वतः

उपासक-उपासिकांनो,

दीक्षा घेतली म्हणून शेजारपाजार बदलत नाही. नाशिक रोडच्या चाळीत, प्रेसच्या किंवा रेल्वेच्या वसाहतीत काल ज्यांच्यात राहत होतो, त्यांच्यातच आपण आजही राहतो. मूल तापाने फणफणले की कोणी म्हणते, देवीला नवस बोला. लग्न ठरले की मामा म्हणतात, मुहूर्त तेवढा बघून घ्या, त्यात काय बिघडते? घरात निधन झाले की तेराव्याचा विषय निघतो. सांगणारे बहुधा आपले हितचिंतकच असतात, म्हणूनच त्यांना नाही म्हणणे जड जाते. अशा वेळी काय करावे, हा आजचा पाठ आहे.

कालामांचा प्रश्न

भगवान बुद्ध केसपुत्त गावी गेले, तेव्हा तेथील कालामांनी आपली अडचण सांगितली. अनेक श्रमण-ब्राह्मण गावात येतात, आपले मत थोर व दुसऱ्याचे तुच्छ ठरवतात. मग खरे कोणाचे मानावे? हा संवाद अंगुत्तर निकायात आहे. भगवंतांनी सांगितले की, ऐकीव आहे, परंपरेने चालत आले आहे, ग्रंथात लिहिले आहे, तर्काला पटते, सांगणारा मोठा दिसतो, एवढ्यावरून काहीही मानू नका. ‘हा श्रमण आमचा गुरू आहे’ एवढ्यावरूनही मानू नका. म्हणजे हा नियम त्यांनी स्वतःलाही लावून घेतला.

मग कसोटी कोणती? जे लोभ, द्वेष व मोह वाढवते, ज्याला जाणते लोक दोष देतात, ज्याने अहित व दुःख होते असे तुम्हाला स्वतःला कळून येते, ते सोडा. ज्याने हित व सुख होते, ते आचरणात आणा. मनाला येईल तसे वागा, असा याचा अर्थ नाही. जाणत्यांचे जरूर ऐका, पण विचार करण्याचे काम त्यांच्यावर टाकू नका.

आपल्याच जिल्ह्यातील दाखला

काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला आणि सुमारे पाच वर्षे चालला. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास बाबासाहेबांनी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. त्यानंतर सल्ल्यांना तोटा नव्हता. कोणी म्हणाले आमच्या धर्मात या, कोणी म्हणाले धर्म सोडूच नका. बाबासाहेबांनी सर्वांचे ऐकले, धर्मांचा अभ्यास केला आणि २१ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. मधल्या काळात, ३१ मे १९३६ रोजी मुंबईच्या परिषदेत धर्मांतराची कारणे मांडल्यावर त्यांनी भाषणाच्या शेवटी कोणता उपदेश सांगितला? भगवंतांनी आनंदाला केलेला, स्वतःच स्वतःचा दीप होण्याचा. एवढा मोठा पुढारी, पण निर्णयाचे ओझे त्याने लोकांच्या खांद्यावरून काढून घेतले नाही.

घरात हे कसे आणावे?

समजा, शेजारीण म्हणाली, “पोरीला बिटको रुग्णालयात न्या आणि नवसही बोला.” दोन्ही सल्ले मायेनेच दिलेले आहेत. पहिला कसोटीला उतरतो, कारण तेथे ताप तपासला जातो, औषध मिळते. दुसरा भीतीवर उभा आहे, आणि त्याच्या भरवशावर औषधाला उशीर झाला तर पोरीच्या जिवावर बेतते. पहिला घ्यावा, दुसऱ्याला नम्रपणे नाही म्हणावे. भांडण करू नये. तिची माया खरी आहे.

आणखी एक गोष्ट. बाहेरच्यांचे दडपण झुगारणाऱ्या कर्त्या पुरुषाने घरात स्वतःचे दडपण आणू नये. सुनेला, मुलांना, म्हाताऱ्या आईला कारणे सांगावीत, त्यांचे प्रश्न ऐकावेत. भीतीने देव्हारा काढला, तर तीच भीती उद्या तो परत मांडील. समजून काढला, तर तो पुन्हा मांडला जाणार नाही.

विचारासाठी प्रश्न

१. गेल्या महिन्यात आपण कोणाचा सल्ला केवळ भिडेने मानला?
२. त्याने कोणाचे हित झाले, कोणाचे अहित?
३. या पाठातील कोणती गोष्ट आपल्याला पटली नाही? का?

तिसऱ्या प्रश्नावर घरात सर्वांनी मिळून बोलावे.

जयभीम!