मैदान काढून घेण्याआधी

सुरतच्या लिंबायतमधल्या एका आईने परवा मला दोन प्रश्न विचारले. मुलगा नववीत, महापालिकेच्या सुमन हायस्कूलमध्ये मराठी माध्यमात शिकतो. संध्याकाळी खो-खो खेळतो आणि शाळेच्या संघात आहे. वडील लूमच्या खात्यात बारा तासांची पाळी करतात, आई घरी बसून साड्यांना स्टोन चिकटवते. "सर, पुढच्या वर्षी दहावी. खो-खो बंद करू ना? आणि आत्ताच एखाद्या इंग्लिश मिडियमच्या शाळेत टाकला तर?"

दोन्हींना माझं उत्तर "नको" असंच होतं. पण घरी परतताना वाटलं, जे तीन-चार प्रश्न तिने खरंच विचारायला हवे होते ते तिला कुणी सांगितलेच नव्हते. डिंडोली, उधना, पांडेसरा, गोडादरा, कुठेही गेलो तरी हेच दिसतं. आईबापांची काळजी खरी असते, पण ती चुकीच्या जागी खर्च होते.

आधी शाळेविषयी. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून उधना-जळगाव रेल्वेमार्गाने आलेल्या माणसांनी हे शहर विणलं आहे, आणि शहराने त्यांच्या मुलांसाठी शाळाही काढल्या. सुरत महापालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून शाळा चालवते. या शाळा आठवीपर्यंत. तिथून पुढे मुलं गळू नयेत म्हणून महापालिकेने सुमन हायस्कूल नावाने माध्यमिक शाळा उभ्या केल्या. "महापालिकेची शाळा" म्हणताना आवाज आपोआप खाली येतो, तो येऊ देऊ नका. गल्लीतल्या दोन मजली इमारतीत, दुकानांच्या वर भरणाऱ्या शाळेचा टाय आणि बोर्ड कितीही चकचकीत असला, तरी तिथे खो-खोचे दोन खांब रोवायला जागा नसते. मोठ्या सार्वजनिक शाळेत मुलं भरपूर असतात आणि तीच तिची ताकद आहे. खो-खोत नऊ जण मैदानात आणि काही राखीव. शेकडो मुलांमधून त्या संघात जागा मिळवणारं पोर स्पर्धा काय असते हे चौदाव्या वर्षीच शिकलेलं असतं. वर्गात साठ डोकी असतील तर शिक्षकांचं लक्ष कमी पडतं, हे मान्य. त्याची भरपाई घरच्या अभ्यासाने करावी लागते. पण नववीत माध्यम बदलल्याने ती होत नाही. गणित आणि विज्ञान ज्या भाषेत आठ वर्षं समजलं, ती भाषा बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर काढून घेतली की हुशार मूलसुद्धा गप्प होतं.

आता त्या न विचारलेल्या प्रश्नांकडे येतो.

पहिला गणिताचा. गुजरात बोर्डाच्या दहावीत गणिताचे दोन पर्याय आहेत, बेसिक आणि स्टँडर्ड. बेसिक सोपं, म्हणून पुष्कळ मुलं मित्राने भरलं तेच फॉर्ममध्ये भरतात. पण अकरावी विज्ञानात अ गट, म्हणजे गणिताचा गट, घ्यायचा तर स्टँडर्डच लागतं. इंजिनिअरिंगचं सरळ दार इथे, पंधराव्या वर्षी, एका चौकटीवरच्या खुणेने उघडं राहतं किंवा बंद होतं. ज्याला पुढे विज्ञान घ्यायचंच नाही त्याने बेसिक घेण्यात काही कमीपणा नाही. फक्त तो निर्णय घरी बसून, गणिताच्या शिक्षकांना विचारून व्हावा.

दुसरा प्रश्न भाषेचा, आणि हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दहावीची परीक्षा मराठीतून देता येते. पुढचं चित्र मात्र वेगळं आहे. गुजकेट या राज्याच्या प्रवेश परीक्षेची प्रश्नपत्रिका गुजराती, हिंदी आणि इंग्रजीत असते, मराठीत नाही. नीट आणि जेईई मेन या परीक्षा मराठीतही होतात हे आपण ऐकतो आणि निर्धास्त होतो, पण तो मराठी पर्याय महाराष्ट्रातल्या केंद्रांसाठी आहे. सुरतच्या केंद्रावर बसणाऱ्या मुलाला इंग्रजी, हिंदी, गुजराती अशी दुसरी भाषा निवडावी लागते. याचा अर्थ मराठी शाळा सोडा असा अजिबात नाही. मराठीतून पाया पक्का करत असतानाच नववीपासून विज्ञानाची परिभाषा दुसऱ्या भाषेत ओळखीची करून घ्यायची, एवढाच. एक वही करावी. डावीकडे "त्वरण", "संवेग", "पेशीभित्तिका", उजवीकडे त्यांचे इंग्रजी शब्द. रोज पाच. दहावी संपेपर्यंत हजारावर शब्द होतात आणि अकरावीच्या पहिल्या महिन्यातली ती भीती, जिच्यामुळे कितीतरी मुलं विज्ञान सोडून देतात, ती बरीच कमी होते. गुजरातीही आपल्या मुलांना परकी नाही. २०२३च्या कायद्याने गुजरातेतल्या सगळ्या शाळांत पहिली ते आठवी गुजराती शिकवणं सक्तीचं झालं आहे, आणि रस्त्यावर तर मुलं ती बोलतातच. जवळपास अकरावी विज्ञानाचा वर्ग कोणत्या माध्यमात आहे, याची चौकशीही नववीतच करून ठेवा.

तिसरा प्रश्न कोणत्या राज्याचे म्हणून उभे राहणार, हा. "दहावी झाली की गावी मामाकडे पाठवू, बारावी तिकडेच करेल," असं अनेक घरांत ठरतं. ठरवण्याआधी हे लक्षात घ्या. एनआयटी या केंद्रीय इंजिनिअरिंग संस्थांतल्या निम्म्या जागा त्या राज्यातल्या मुलांसाठी असतात आणि मूल कोणत्या राज्याचं हे बारावी कुठून उत्तीर्ण झालं यावर ठरतं. सुरतमध्येच एसव्हीएनआयटी ही अशी संस्था आहे. इथे बारावी केली तर त्या निम्म्या जागांवर आपलं पोर हक्काने उभं राहतं, जळगावहून केली तर तो हक्क जातो. उलट महाराष्ट्रातल्या राज्य कोट्यासाठी तिकडची दहावी-बारावी आणि अधिवास पाहिले जातात. अर्धं इकडे, अर्धं तिकडे केलं की दोन्ही राज्यांत परके होण्याची वेळ येते.

याच्याशीच जातीच्या दाखल्याचा प्रश्न जोडलेला आहे. महाराष्ट्रातला दाखला गुजरातच्या राज्य आरक्षणात आपोआप चालत नाही. अनुसूचित जाती-जमातींबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच मर्री चंद्रशेखर राव खटल्यात हे स्पष्ट केलं. केंद्रीय संस्थांसाठी वडिलांच्या मूळ राज्यातल्या दाखल्याच्या आधारे दाखला काढता येतो. कुटुंब गुजरातेत कधी आलं यालाही महत्त्व असतं. म्हणून आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुनं रेशनकार्ड, घरपट्टीची पावती असं जे हाताशी असेल ते आत्ताच शोधा. प्रवेशाच्या जून महिन्यात मामलतदार कचेरीपुढच्या रांगेत मी बापांना रडताना पाहिलं आहे.

आता खो-खो.

डांग जिल्हा सुरतेपासून काही तासांच्या रस्त्यावर आहे. तिथल्या कराडी आंबा गावची सरिता गायकवाड आधी खो-खो खेळायची, नंतर धावपटू झाली आणि २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ४ गुणिले ४०० मीटर रिलेत सुवर्ण जिंकलेल्या भारतीय संघात धावली. त्याच डांगचा मुरली गावित २०१९ मध्ये दोह्याच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आला. ही नावं मी तुमचं पोर उद्या पदक आणेल म्हणून सांगत नाही. बहुतेकांना पदक मिळत नाही, हे मुलालाही प्रेमाने सांगावं. सांगायचं ते एवढंच, की खो-खोत तयार झालेले पाय आणि नजर दुसऱ्या खेळातही कामी येतात.

खेळाचा रस्ता शाळेतूनच जातो. २०१० पासून गुजरातेत खेल महाकुंभ भरतो आणि त्याची नोंदणी शाळेमार्फत होते. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत तालुका, जिल्हा, राज्य अशा चढत जातात. निवड चाचणीतून घेतलेल्या मुलांसाठी राज्य सरकारच्या जिल्हा क्रीडा शाळा आहेत, तिथे राहणं, जेवण, शिक्षण आणि प्रशिक्षण सरकारच्या खर्चाने होतं. राष्ट्रीय शालेय स्पर्धेत राज्याच्या संघातून खेळलेल्या मुलाला पुढे केंद्र सरकारच्या क्रीडा कोट्यातल्या नोकरीसाठी अर्ज करता येतो आणि त्या यादीत कबड्डी, खो-खो दोन्ही आहेत. पण प्रमाणपत्र मान्यताप्राप्त स्पर्धेचं हवं. पैसे भरून दूरच्या शहरात नेऊन "नॅशनल"चं पदक गळ्यात घालणारे पुष्कळ आहेत आणि भरतीच्या टेबलावर त्या कागदाला किंमत नसते. पैसे भरण्याआधी शाळेच्या व्यायाम शिक्षकांना विचारा.

मुलींबद्दल वेगळं लिहायलाच हवं, कारण मैदान त्यांच्याकडून आठवीतच काढून घेतलं जातं आणि कारण परीक्षेचं सांगितलं जातं. खेळाचा रस्ता शाळेतून जातो, म्हणून आधी मुलगी शाळेत टिकायला हवी, आणि त्यासाठी मदत आहे. गुजरात सरकारच्या २०२४ पासूनच्या नमो लक्ष्मी योजनेत मुलीला नववी-दहावीची मिळून २० हजार आणि अकरावी-बारावीची ३० हजार रुपयांची मदत मिळते. त्यातला अर्धा भाग महिन्याला, हजेरी पाहून, आणि अर्धा दहावी-बारावी उत्तीर्ण झाल्यावर. अकरावी विज्ञान घेतलं तर नमो सरस्वती योजनेचे दोन वर्षांचे २५ हजार आणखी. साड्यांना स्टोन लावून किती मिळतात हे ज्या आईला ठाऊक आहे तिला या आकड्यांचा अर्थ मी सांगायला नको. मुलगी रोज शाळेत गेली, तर घराला हातभार लागतोच.

आणि विज्ञान झेपलं नाही तर? दहावीनंतर डिप्लोमाचा रस्ता आहे, आणि डिप्लोमानंतर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. कापडाच्या शहरातल्या मुलाने कापडाचं तंत्र शिकावं हे मला फार रास्त वाटतं. बाप ज्या लूमपुढे उभा राहतो तिचा बिघाड ओळखणारं पोर त्या घराला हवंच आहे. ज्याला मैदान सोडवतच नाही त्याला व्यायाम शिक्षक किंवा प्रशिक्षक होण्याचे अभ्यासक्रम आहेत. गुजरातेत त्यासाठी २०११ मध्ये स्थापन झालेलं स्वर्णिम गुजरात क्रीडा विद्यापीठच आहे.

त्या आईसोबत बसून आम्ही शेवटी एक वेळापत्रक केलं. शाळा सकाळच्या पाळीची. दुपारी जेवण आणि एक तास झोप. साडेतीन ते पाच गणित, स्टँडर्डच. साडेपाच ते सात खो-खो. रात्री विज्ञान आणि त्या वहीतले पाच शब्द. परीक्षेआधीचे दोन महिने खेळ निम्मा, बंद नाही. मुलाने तो कागद स्वतःच्या अक्षरात पुन्हा लिहून काढला आणि खाली एक ओळ वाढवली, रविवारी आईला स्टोन लावायला मदत. आईने ती खोडायला लावली. त्या जागी त्याने "आजोबांचा दाखला शोधणे" असं लिहिलं.