ढालसिमचे लांब हात

प्रश्न : 'स्ट्रीट फायटर ६'मध्ये ढालसिमने लांबून खेळणे जमते, प्रतिस्पर्धी अंगाशी आला की हार होते. काय करावे? – एक वाचक, उमरखेड

उत्तर : १९९१पासून या योग्याचे बळ आणि दुखणे एकच : त्याचे लांब हात. पसरलेल्या हातालाही मार बसतो. तोच ठोसा पुन्हापुन्हा मारला, की समोरच्याला अंदाज येतो आणि तो उडी घेऊन आत शिरतो. ठोशांची लय मोडत राहावी.

अंगाशी आलेल्यावर मागची दिशा दाबून वार करावा. आखूड फटका निघतो.

खरी कसोटी टेलिपोर्टची. उडी घेताच तो करावा आणि खाली येता येता लाथ मारावी. सेकंदाला ६० फ्रेम धावतात, त्यामुळे किंचित उशीरही महागात पडतो. ट्रेनिंग मोडमधल्या फ्रेम मीटरवर तो नेमका कुठे होतो, हे आधी तपासावे.