पालेभाज्या, झेंडू आणि दृष्टिपटलाचे संरक्षण

चैत्र-वैशाखाच्या उन्हात यवतच्या शिवारातील पिकांना सावलीत जाता येत नाही. प्रकाशावाचून पानास अन्न तयार करता येत नाही हे खरे. परंतु गरजेहून अधिक प्रकाश पडला म्हणजे त्याच पानाला इजा पोहोचते. ती टाळण्याकरिता पानांत काही पिवळी रंगद्रव्ये असतात. ल्यूटिन व झियाझँथिन ही त्यांपैकी प्रमुख होत. पानातील हिरव्या रंगामुळे ती झाकली जातात. झेंडूच्या पाकळीत मात्र ल्यूटिनचा रंग स्पष्ट दिसतो.

हीच दोन द्रव्ये मनुष्याच्या डोळ्यातही आढळतात. डोळ्याच्या मागील बाजूस दृष्टिपटल नावाचा पातळ पडदा असून त्याच्या मध्यभागी पीतबिंदू असतो. सुईत दोरा ओवणे, वाचणे, माणसाचा चेहरा ओळखणे ही कामे ह्या बिंदूमुळे होतात. दृष्टिपटलाच्या पेशींत स्निग्धांश विपुल असतो, प्राणवायूचा पुरवठा मोठा असतो आणि त्यांवर सतत प्रकाश पडतो. ह्या तिहींच्या संयोगाने प्राणवायूची काही उग्र रूपे उत्पन्न होऊन ती स्निग्धांश बिघडवितात. उन्हात उघडे ठेवलेले तेल खवट होते, तसाच काहीसा हा प्रकार होय. पिवळी रंगद्रव्ये प्रकाशातील निळे किरण शोषून घेतात व ह्या उग्र रूपांना निष्प्रभ करतात.

ही द्रव्ये शरीरात तयार होत नाहीत. ती आहारातूनच मिळवावी लागतात. शंभर ग्रॅम पालकात ती सुमारे १० ते १२ मिलिग्रॅम असतात. मेथी व शेवग्याचा पाला, पिवळा मका आणि अंड्याचा बलक ह्यांतूनही ती मिळतात. बलकात प्रमाण थोडे असले तरी स्निग्धांशामुळे ते चांगले शोषले जाते. म्हणून पालेभाजीस तेलाची फोडणी किंवा शेंगदाण्याचे कूट अवश्य घालावे आणि भाजी फार वेळ शिजवू नये. ल्यूटिनपासून अ जीवनसत्त्व बनत नाही; रातांधळेपणा हा त्या जीवनसत्त्वाच्या अभावाचा विकार निराळा होय. पालेभाजीत मात्र दोहोंची सोय असते.

ह्या द्रव्यांची मर्यादाही ध्यानी घ्यावी. उतारवयात पीतबिंदू झिजण्याच्या विकारावर अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत रोज १० मिलिग्रॅम ल्यूटिन व २ मिलिग्रॅम झियाझँथिन देण्यात आले. पूर्वीच्या औषधी मिश्रणातील बीटा-कॅरोटीनच्या जागी ही द्रव्ये वापरणे योग्य ठरले, कारण बीटा-कॅरोटीनच्या गोळ्यांनी धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. परंतु जुन्या मिश्रणात त्यांची केवळ भर घातल्याने सर्व रुग्णांना अधिक लाभ झाल्याचे दिसले नाही. निरोगी माणसाने गोळ्या घ्याव्यात, असा अर्थ ह्यातून निघत नाही.

कोणतीही भाजी खाऊन सूर्याकडे किंवा ग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनी पाहण्याची मुभा मिळत नाही. नांगराचा फाळ जोडताना वेल्डिंगच्या ज्योतीकडे योग्य काचेच्या मुखवट्याविना पाहू नये. मुलांनाही दूर ठेवावे. बिडी-तंबाखूचे धूम्रपान पीतबिंदूस घातक असते. झेंडूचा किंवा कोणत्याही पाल्याचा रस डोळ्यात कदापि घालू नये. त्याने बुबुळावर व्रण होऊन दृष्टी जाऊ शकते.

परसबागेत तीन मीटर लांब व दोन मीटर रुंद वाफ्यास पालकाचे सुमारे २० ग्रॅम बी पुरते. पहिली कापणी साधारण एका महिन्यात होते. असे तीन वाफे पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने पेरल्यास घरात भाजी अखंड राहते. फवारणी केलेल्या पिकाचा पाला प्रतीक्षाकाल संपण्यापूर्वी खुडू नये.

झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्यांपासून कारखान्यांत ल्यूटिन काढतात. गडद केशरी जातींत ते अधिक असते. तथापि खरेदीचा लेखी करार झाल्यावाचून केवळ ह्या हेतूने लागवड करू नये. बाजारासाठी फवारलेली फुले खाण्यात आणू नयेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी वृद्धांना एक साधी परीक्षा शिकवावी. एक डोळा झाकून दाराच्या चौकटीकडे पाहावे, मग दुसरा झाकून पाहावे. सरळ कड वाकडी दिसल्यास अथवा मध्यभागी डाग दिसल्यास विलंब न लावता नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. गेलेली दृष्टी पालेभाजीने परत येत नाही. असलेली जपण्यास मात्र ताटातील हिरवा घास साहाय्य करतो.