मुलाला थेट विचारा

जुलै २०१७ मध्ये अंधेरीतल्या एका चौदा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला आणि त्याच्याशी जोडलं गेलेलं ‘ब्लू व्हेल’ या ऑनलाइन खेळाचं नाव मुलुंडच्या सोसायट्यांपासून सोलापूरपर्यंत घराघरांत पोचलं. पन्नास दिवस, पन्नास कामं, शेवटचं काम जीव देण्याचं, असं वर्णन मोबाइलवर फिरू लागलं. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने गूगल, फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅपला या खेळाच्या लिंक काढायला सांगितलं. फोन, कॉलच्या नोंदी, समाजमाध्यमं तपासून झाल्यावर मात्र जानेवारी २०१८ मध्ये सरकारनेच लोकसभेत सांगितलं की एकाही घटनेत या खेळाचा संबंध सिद्ध झालेला नाही. तोवर नाव मागे पडलं होतं. त्याच वर्षी ‘मोमो’ या तशाच खेळाची अफवा आली. मुलांना नादी लावून छळणारी माणसं इंटरनेटवर असतात, रशियात एकाला शिक्षाही झाली, हे मी नाकारत नाही. पण एकटं पडलेलं, आतून खचलेलं मूल त्यांच्या हाती सहज लागतं. म्हणून काळजी त्या खचण्याची करायला हवी.

‘अफवा का असेना, पालक सावध तर झाले!’ असं कुणी म्हणेल. पण सावध कशाबद्दल? मुलाच्या हातावर देवमाशाची खूण आहे का, हे बघायला सांगणारे मेसेज फिरले. झोप उडणं, डबा न उघडताच घरी येणं, मित्रांना टाळणं, आवडती बॅट कुणाला तरी देऊन टाकणं, ही लक्षणं त्या मेसेजमध्ये नव्हती. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, त्यात सर्वाधिक महाराष्ट्रातले. त्यामागे नैराश्य, परीक्षेची धास्ती, घरातले ताण, छळ अशी अनेक कारणं एकमेकांत गुंतलेली असतात. एकाच खेळावर बोट ठेवलं की बाकीची नजरेआड होतात.

दुसरी शंका जास्त खोल आहे: ‘आत्महत्येबद्दल विचारलं तर नको ते डोक्यात भरेल.’ आजवरच्या अभ्यासांत असं आढळलेलं नाही. उलट विचारल्याने मुलाच्या मनावरचं ओझं हलकं होऊ शकतं. तेव्हा शांतपणे बसून, सरळ विचारा: ‘तुला जगणं नको वाटतंय का?’ आणि मग गप्प राहा, त्याला बोलू द्या. ‘एवढ्याशा गोष्टीवरून?’ हे शब्द तोंडातून काढू नका. उत्तर ‘हो’ आलं तर मुलाला एकटं सोडू नका, घरातली औषधं कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. ‘टेली मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत चालतो, तिथे मराठीतही बोलता येतं.