एस्टिमेट म्हणजे काय?

घर बांधावयाचे ठरले, की मालक प्रथम कंत्राटदाराकडे ‘एस्टिमेट’ मागतो. हा इंग्रजी शब्द मराठी माणसाच्या तोंडी रुळला आहे; परंतु त्याचा नेमका अर्थ थोड्यांच्याच ध्यानी येतो.

मोल ठरविणे या अर्थाच्या एका लॅटिन क्रियापदापासून तो निघाला. आदर या अर्थाचा ‘एस्टीम’ हा इंग्रजी शब्दही त्याच मुळाचा. यात नवल नाही. मराठीतही ‘किंमत’ वस्तूची असते, तशी माणसाचीही असते.

एस्टिमेटला मराठीत ‘अंदाज’ म्हणतात. हा शब्द फारसीतून आला. येत्या वर्षी किती पैसा येईल व कोठे खर्च होईल, हे सरकार ज्यात मांडते, ते ‘अंदाजपत्रक’ होय.

इंग्रजीत ‘गेस’ असा आणखी एक शब्द आहे. त्यास ‘अटकळ’ हा प्रतिशब्द शोभतो. बरणीत किती चिंचोके आहेत, हे नुसते पाहून सांगणे ही अटकळ. एका वाटीतील चिंचोके मोजावे, बरणीत तशा किती वाट्या मावतात ते पाहावे व गुणाकार करावा, हा अंदाज. अटकळीला आधार लागत नाही, अंदाजाला लागतो.

महाराष्ट्रात हा भेद शेतकऱ्याच्या घासाशी येऊन भिडतो. पूर्ण पीक म्हणजे १०० पैसे मानून गावाचे पीक किती आले हे सांगतात, त्यास ‘पैसेवारी’ म्हणतात. १९५७ साली दशमान नाणी आली. त्यापूर्वी ती ‘आणेवारी’ होती. पैसेवारी ५० पैशांहून कमी भरली, म्हणजे पीक बुडाले असे समजतात. साऱ्यातील सवलतीसारखी मदत या आकड्यावर अवलंबून राहत आली आहे. नजर चुकून ४९ च्या जागी ५१ लिहिले गेले, तर सारे गाव मदतीला मुकेल!

म्हणून केवळ नजरेवर विसंबत नाहीत. निवडक शेतांत ठरावीक मापाचा तुकडा आखतात, त्यातील पीक कापून मळतात, वजन करतात आणि त्यावरून उरलेल्या क्षेत्राचा हिशेब मांडतात. या पीककापणी प्रयोगांना शास्त्रीय बैठक देणाऱ्यांत पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे संख्याशास्त्रज्ञ अग्रगण्य होत. त्यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला.

अंदाज सांगणाऱ्याने तो कशावरून केला, हेही सांगावे. तेवढे सांगता आले नाही, तर ती अटकळच समजावी.

अभ्यास : ‘अंदाज’ व ‘अटकळ’ हे शब्द योजून प्रत्येकी दोन वाक्ये लिहा.